अर्धं राहिलेलं पद

ये गो सुमे, कागदावरच का होईना, जवळ बस. महाडपर्यंत येतेस आणि पुढे पोलादपूरला माझ्यासारख्या म्हातारीकडे यायला तुला एसटी मिळत नाही? बरं, ऐक. माझ्या गाणाऱ्या मावशीचं सांगते.

मावशी नाटक कंपनीत गायची. गळा गोड होताच, पण माणसं टरकायची ती तिच्या बघण्याला. पेटी सुरू झाली तरी ती तोंड उघडायची नाही. हात खाली सोडून उभी राहायची आणि जो कुजबुजत असेल त्याच्याकडे बघत राहायची. तो गप झाला की मग गाणं. "आधी कान मागायचे, मग सूर द्यायचा," म्हणायची.

इथल्या उत्सवात तिचं गाणं ठेवलं होतं. पुढच्या खुर्चीत खोत. खोती सरकारनं काढली होती, ऐट कोण काढणार? ऐन पदात ते मोठ्यानं गप्पा मारायला लागले. मावशी थांबली, बघत राहिली. मग सगळं पटांगणच त्यांच्याकडे बघायला लागलं. खोत उठले. "बत्ती माझी हाय," म्हणाले, आणि गड्याला गॅसबत्ती उचलायला लावून चालते झाले. मागे मिट्ट काळोख आणि अर्धं पद. लोक हसत, ठेचकाळत घरी गेले.

मावशी रडली नाही. आई म्हणाली, "सोड गो आता." तर म्हणाली, "त्याच्यासमोरच पुरं करीन. तोवर मैफलीत देवानं मागितलं तरी नाय."

पुढे मुंबईत तिच्या गाण्यांची फिल्म निघाली. त्यात शेवटी तिनं तेच पद घातलं. फिल्म आमच्याकडे तंबूत लागली तशी मावशी मुद्दाम आली. "खोत येणार. पुढची खुर्ची सोडतोय होय तो!" बायकांत, माझ्याशेजारी चटईवर बसली, पदर कपाळापर्यंत ओढून. पडद्याकडे बघतच नव्हती. खोतांच्या पागोट्यावर डोळे.

पडद्यावर भिंतीएवढी मावशी. हात खाली, तोंड बंद, नुसती बघतेय. खोत ओरडले, "पट्टी अडकली काय रे?"

मशीनवाला मागून म्हणाला, "चालू हाय खोत. बाई तुम्ही गप व्हायची वाट बघतायत."

तंबू फुटला हसून. कुणीतरी ओरडलं, "बत्ती न्या की तुमची! काळोख आमीच केलाय!" खोत ताडकन उठले, तर पागोट्याची सावली पडद्यावर, नेमकी मावशीच्या पायाशी. "खाली बसा!" सगळे खेकसले. बसले. पद पुरं होईपर्यंत मान वर केली नाही.

"झालं," एवढंच मावशी म्हणाली. सकाळी एसटीच्या खिडकीतून मला बजावलं, "मेला तरी माफ करू नकोस हो." त्यानंतर ती काही परत आली नाही, मुंबईतच वारली. खोत गेले तेव्हा सगळा गाव त्यांच्या दारात होता. मी भात कांडत बसले.

तिचं ते बघणं मला येतं, पण लिहिता येत नाही. लवकर ये गो. समोर बस, हवी तेवढी बडबड कर, आणि मी बघते तुझ्याकडे.