पागुमेची पाच तारीख

वर्कनेशला आम्ही सगळे पागुमे म्हणतो. पागुमे म्हणजे आमचा तेरावा महिना. तीस-तीस दिवसांचे बारा महिने सरले की उरलेसुरले पाच दिवस गोळा करून केलेला, दर चौथ्या वर्षी सहा दिवसांचा. या महिन्याला पगार नसतो. वर्कनेश जन्मली ती पागुमेच्या चार तारखेला, म्हणून शाळेपासून सगळे तिला बिनपगारी म्हणून चिडवायचे. आता पन्नाशीला आली तरी चिडवतात. ती नुसती हसते आणि आपल्या नादात पुढे जाते.

माझं झेरॉक्सचं दुकान खाली, आणि वरच्या मजल्यावर आतो लिसानवर्कचं, म्हणजे लिसानवर्क साहेबांचं, हिशेबाचं ऑफिस. तिथे ती सत्तावीस वर्षं आहे. आधी वहीतून वहीत उतरवायची, मग वहीतून एक्सेलमध्ये, आणि यंदापासून एक्सेलमधून कराच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये. काम बदललं, बाई बदलली नाही. आकडे उतरवताना ती खिडकीबाहेर बघत असते. हामले महिन्यात आमच्या देब्रे बिरहान गावी धुकं असं उतरतं की समोरचं देऊळसुद्धा दुपारपर्यंत दिसत नाही. ती त्या धुक्याकडे बघत असते आणि बोटं आपली चालू असतात. मला म्हणायची, प्रत्येक तारखेला वेगळा वास असतो. तहसासच्या तारखांना शेकोटीचा, मेस्केरेमच्या तारखांना पिवळ्या फुलांचा. मी म्हणायचे, आणि आजच्या तारखेला? तर म्हणाली, तुझ्या मशिनच्या शाईचा. अशी ती.

तिची एक खोड होती. कुणाचीही वही हाती आली की आधी पागुमेची चार तारीख काढायची आणि आपल्या वाढदिवसाला त्या माणसानं काय विकलं ते बघायचं. कुणी खिळे विकलेले, कुणी डाळ. एकदा एका दुकानदारानं त्या दिवशी फक्त एक कंदील विकला होता, त्यावर ती आठवडाभर खूश होती. आपल्याला कुणीतरी उजेड दिला म्हणे. मी कपाळाला हात लावला.

आता खरी गोष्ट एतेते बिर्केची. एतेते म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, मावशी, जिचा मान ठेवायचा अशी कुणीही. तिचा नवरा गाशे देगेफे, म्हणजे आमचा देगेफेदादा, विणकर. पांढऱ्याशुभ्र पातळ शाली विणायचा आणि बिर्के त्या दुकानात बसून विकायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून देगेफे दर नव्या वर्षाला एक जाड वही आणायचा आणि वर्षभराच्या तारखा पानापानावर आधीच घालून ठेवायचा, एका दिवसाला एक पान. शाल विकली की बिर्के त्या पानावर एक रेघ ओढायची. झाला हिशेब.

दीड वर्षापूर्वी तिर महिन्याच्या अकराला, ऐन तिमकेतला, बाप्तिस्म्याच्या सणाला, देगेफे गेला. लोक मिरवणुकीतून परत येत होते आणि हा दारातच बसल्या जागी गेला. बिर्केनं चाळीस दिवस दुकान बंद ठेवलं. चाळिसाव्याचं जेवण झालं, मग फळी काढली. त्याच वर्षी, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी, म्हणजे पागुमेच्या पाचला, नव्या वर्षासाठी सगळं गाव शाली घ्यायला आलं, आणि देगेफेनं विणून ठेवलेल्या शेवटच्या सदतीस शाली एका दिवसात गेल्या. मीही एक घेतली. ती रडतही होती आणि सुट्टे पैसेही देत होती.

यंदा हामलेत कराच्या कार्यालयानं सगळ्यांकडून तीन-तीन वर्षांची विक्री मागितली. वर्कनेशनं गावातल्या निम्म्या दुकानांच्या वह्या एक्सेलमध्ये घातल्या, सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या, कागद काढले. मग एतेते बिर्के सही द्यायला, म्हणजे अंगठा द्यायला, कार्यालयात गेली. रांग दाराबाहेर. खिडकीतल्या मुलीनं कागद बघितला आणि सहज, अगदी सहज, मोठ्यानं विचारलं, "तिरच्या तेराला एका दिवसात सदतीस शाली? चांगलाच हात चालला की त्या दिवशी."

तिरची तेरा. देगेफेचा तिसरा दिवस. अंगणात तंबू, आम्ही सगळ्या बाया आत बसलेल्या, आणि ही म्हणे दुकानात शाली विकत होती.

रांगेत आमच्या इद्दिरच्या दोघी होत्या. इद्दिर म्हणजे आमची गल्लीची मंडळी. मयताला तंबू, बाकं, चुली, माणसं, सगळं तीच पुरवते. त्या दोघींच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. कुणी म्हणालं, मागच्या दारानं विकल्या असतील. कुणी म्हणालं, तरीच तिसऱ्या दिवशी ती दोनदा आत उठून गेली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. बिर्के बिचारी सांगत राहिली की मी नाही, मी नाही. पण कागदावर छापलेलं होतं, आणि छापलेल्यापुढे अंगठेवालीचं कोण ऐकतो?

भांडलं कुणीच नाही. फक्त तिच्या कॉफीला जाणं थांबलं. आमच्याकडे कॉफी एकटीनं पीत नाहीत. भाजल्याचा वास सुटला की शेजारणींनी जायचं, तीन फेऱ्या होईपर्यंत उठायचं नाही. बिर्के रोज दाण्यांना आच द्यायची. भाजलेल्या जवाची थाळी, सहा पेले मांडून बसायची. वास माझ्या दुकानापर्यंत यायचा. सतरा दिवस कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. ज्याच्या मयताला मी स्वतः चुलीपाशी बसले होते, त्याच्या बायकोकडे मी गेले नाही. लाज वाटते सांगताना, पण मग खोटं कशाला सांगू?

वर्कनेशला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती गप्पांत नसतेच. अठराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसल्या बसल्या तिनं आपली नेहमीची खोड काढली. वह्यांत वाढदिवस बघून झाले होते, आता सॉफ्टवेअरमध्ये बघू म्हणाली. पागुमेची चार तारीख शोधली. नाही. दुसऱ्या दुकानात शोधली. नाही. पागुमेच नाही. कंदीलवाल्याचा कंदील कुठे गेला म्हणून शोधत शोधत गेली, तर तो तहसासच्या तेराला सापडला.

ती खाली माझ्याकडे आली तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. कोऱ्या कागदावर लिहून दाखवलं. आम्ही आधी दिवस लिहितो, मग महिना. पाच-तेरा म्हणजे पागुमेची पाच. सॉफ्टवेअर परदेशचं. त्यात कुणीतरी आमचे महिने घातले होते, पण बाराच. महिन्याच्या जागी तेरा आले की ते थांबत नव्हतं, तक्रार करत नव्हतं, आकडे मुकाट्यानं उलटे फिरवत होतं. चार-तेराचा झाला चौथा महिना तहसास, तेरा तारीख. पाच-तेराचा झाला पाचवा महिना. पाचवा महिना तिर.

"माझे पाचही दिवस उधळून टाकलेत यानं," ती म्हणाली. "एक इथे, एक तिथे. आणि मी पुढे पुढे बटण दाबत गेले."

तेव्हा मी तिला तिरच्या तेराचं सांगितलं. सदतीस शालींचं, सतरा दिवसांच्या कॉफीचं. ती खाली फरशीवरच बसली. मग म्हणाली की ती वही तिनंच उतरवली होती, सदतीस रेघा तिनं बोट ठेवून मोजल्या होत्या. आणि ते शेवटचं पान होतं, देगेफेच्या हाताची तारीख असलेलं शेवटचं. वर्ष तिथे संपतं ना.

आतो लिसानवर्कला तिनं लगेच सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, तारखा गुपचूप दुरुस्त कर, नवा कागद काढ, कार्यालयात मी देतो. गावात बोंब कशाला? निम्मी गिऱ्हाइकं जातील. तेव्हा मी जिन्यात उभी होते, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला.

"कागद दुरुस्त होईल. तिच्या कॉफीला कोण जाणार, कागद?"

रविवारी देवळानंतर इद्दिरची बैठक असते, त्यांच्याच मांडवात. वर्कनेश कधी उभी राहून बोललेली नाही, वर्गणी देतानासुद्धा नाव पुटपुटते. त्या दिवशी ती बिर्केची वही छातीशी धरून उभी राहिली. बिर्के अगदी मागे, खांबाआड बसली होती.

"एतेतेनं नाही विकलं," ती म्हणाली. "माझ्या हातून विकलं गेलं."

अध्यक्ष म्हणाले, बाई, नीट सांग. तिनं तेराव्या महिन्याचं सांगायचा प्रयत्न केला, पण अर्ध्यांना कळेना, म्हातारे हात कानाला लावून बसलेले. मग तिनं सांगणं सोडलं आणि वही उघडली. तिरची अकरा, म्हणाली, आणि पान सगळ्यांकडे फिरवलं. वर देगेफेच्या हातची तारीख, खाली काही नाही. तिरची बारा. काही नाही. तिरची तेरा. काही नाही. ती एकेक पान उलटत गेली, एकेक तारीख वाचत गेली, आणि प्रत्येक पानावर त्या मेलेल्या माणसाचं अक्षर आणि खाली कोरं. कुणी थांबवलं नाही. विसाव्या पानाला माझ्या शेजारची डोळे पुसायला लागली. चाळीस पानं झाली. मग तिनं वहीचं शेवटचं पान काढलं, पागुमेची पाच, आणि त्यावरच्या रेघा दाखवल्या.

"एवढ्या महिन्यांनी विकल्या," ती म्हणाली. "चूक मशिनची नाही. त्याला तेरावा महिना माहीत नव्हता, मला होता. मी बघितलं नाही."

रांगेतल्या त्या दोघी मान खाली घालून बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही सगळ्यांनी मिळून, एकटीला कुणाला दोष देऊ? मी उठले, खांबामागे गेले आणि बिर्केला म्हटलं, उद्या येते. ती म्हणाली, "पेले धुतलेलेच असतात."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे सहा पेले पुरले नाहीत. मी माझ्या घरून चार नेले.

लिसानवर्क दोन दिवस वर्कनेशशी बोलला नाही, मग स्वतःच सगळ्यांचे कागद दुरुस्त करून देतो म्हणून दुकानोदुकानी सांगत फिरला. एकही गिऱ्हाईक गेलं नाही. ती पागुमेचे दिवस एकेक शोधून, पुन्हा एकत्र आणून बसवत होती. धुकं होतंच. तेवढ्यात एतेते बिर्के जिना चढून वर आली, वही घेऊन. मी कागद द्यायला वर गेले होते, म्हणून मला हे बघायला मिळालं.

तिनं विचारलं, ते चाळीस दिवस तुझ्या मशिनमध्ये आहेत का? वर्कनेश म्हणाली, नाहीत एतेते, कोऱ्या पानांतून काय उतरवणार? ते घेत नाही.

"शून्य घेतं?"

"घेतं."

"मग शून्य घाल. पण त्याचे दिवस घाल."

वर्कनेशनं नवी शीट उघडली. बिर्के पान उलटायची, वर्कनेश तारीख घालायची आणि पुढे शून्य. या वेळी तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही. शेवटची ओळ झाली. प्रत्येक तारीख तिनं पुन्हा बोट ठेवून तपासली, मग सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावर एक ओळ उमटली.

बिर्केला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय म्हणतंय?"

"आले म्हणतंय, एतेते," वर्कनेश म्हणाली. "चाळीसच्या चाळीस आले."