विंगेतले आजोबा

पडदा वर जातो तेव्हा दिसतं तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. टेबलाशी दोन खुर्च्या. एकीवर आजोबा, दुसरीवर नात. दोघं कुजबुजताहेत. घरात कुणी झोपलेलं नाही, कुणी आजारी नाही. यांची बोलायची पट्टीच ही.

आजोबांनी उभा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढला. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द असा सोडायचा, की त्याला ऐकू जावा पण पहिल्या रांगेला नाही. कंपनीतले त्यांना 'कुजबुजे' म्हणत. टाळ्या वाट्याला आल्या नाहीत, त्यांनी कधी मागितल्याही नाहीत. बायको गेली, मुलगा-सून सकाळीच कामावर निघून जात, आणि दिवसभर फ्रिज तेवढा त्यांच्याशी गुरगुरे.

मग टिकली आली. तान्ही असतानाच तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण डाव्या स्वरतंतूची नस दुखावली आणि तो तंतू लुळा पडला. दोन तंतू जुळेनात, मधल्या फटीतून नुसता वारा जाई. पाणी पिताना ठसका, बोलताना हवा. लोकांना तिचं बोलणं कळत नसे. आजोबांना मात्र अक्षर न् अक्षर कळे. तिनं ओठ हलवावेत आणि त्यांनी ते लोकांना सांगावं, असं दोघांचं छान जमून गेलं होतं.

टिकली शाळेत जायला लागली तसं सुनेनं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आजोबा सोबत होतेच.

"शाळेत काय आवडतं गं तुला?"

"चित्रं काढायला," आजोबा म्हणाले.

"आणि डबा कोण संपवतं?"

"निम्मा मैत्रिणीला देते."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजोबा, इंजेक्शन हिला द्यायचंय की तुम्हाला?"

सून हसली. आजोबाही हसले, जरा उशिरा.

भूल द्यायची, तोंडावाटे दुर्बीण घालायची आणि लुळ्या तंतूत जेल टोचायचं. तो फुगून मध्ये सरकला, की चांगला तंतू त्याला येऊन टेकतो. "पण हे जेल काही महिन्यांत विरतं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आवाज उतरला की आणा, पुन्हा टोचू. मोठी झाली की कायमचा इलाज बघू. घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही, म्हणून सांगून ठेवते."

शुद्धीवर आल्यावर टिकलीनं तोंड उघडलं आणि थांबली. आजोबांच्या जिभेवर शब्द आला होता. पण नट विसरलाय की नुसता थांबलाय, हे ओळखण्यातच प्रॉम्प्टरची निम्मी विद्या. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"आई, घरी जाऊ," टिकली म्हणाली. आवाज घोगरा होता, पण होता.

मग ती खाली अंगणात खेळायला जाऊ लागली. जिन्यातून तिच्या हाका वर येत, मैत्रिणींना मारलेल्या. कधी पाणी प्यायला धावत यायची. आजोबा काही सांगू लागले तर म्हणायची, "आजोबा, मोठ्यानं बोला ना, असं चोरासारखं काय?" त्यांना मोठ्यानं बोलायला सुचत नसे. समोरच्या खुर्चीवर हळूहळू धुतलेले कपडे साठू लागले.

एका संध्याकाळी अंगणातून हाक आली आणि तिचं शेवटचं अक्षर हवेत गेलं. आजोबांनी कान टवकारले. पुढच्या आठवड्यात टिकली खेळ सोडून वर आली, कपडे बाजूला सारून खुर्चीवर बसली. "त्या ऐकतच नाहीत माझं," ती कुजबुजली. मग जेवणाची वेळ होईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या. कितीतरी दिवसांनी आजोबा पोटभर बोलले.

"ओरडून घसा बसलाय मेलीचा," ताटं मांडताना सून म्हणाली. "होईल बरा आपोआप."

आजोबांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यात तर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाण्याचा घोट घेताना टिकलीला ठसका लागला. त्यांनी तिची पाठ चोळली आणि पहिल्या रांगेलाच काय, शेवटच्या रांगेलाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले,

"सूनबाई, घसा नाही बसलेला, जेल विरलंय. उद्या सकाळीच डॉक्टरीणबाईंना फोन लाव."