उजव्या तोंडाचा शंख

चिंचेचा कोळ लावून ठेवलेली निरांजनं तशीच पडली होती. ताम्हन अर्धं लखलखत होतं, अर्धं काळंच होतं. आणि नलिनी मोरीत पाटावर बसून हातातली काथ्याची गुंडी विसरून समोर बघत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. देवाची सगळी उपकरणी तिने सकाळीच खाली काढली होती. शंख आधी धुतला, कारण त्याला चिंच चालत नाही, आणि निथळायला म्हणून कट्ट्यावर शेपटी वर करून उभा केला. तिथेच तिच्या नवऱ्याचा, शरच्चंद्रांचा दाढीचा आरसा टेकवलेला असे. शंखाचं तोंड आरशाकडे झालं होतं.

आरशातल्या शंखाचं तोंड उजवीकडे होतं.

तिने शंख उचलला, आपल्याकडे वळवला. तोंड डावीकडे. घराघरांतल्या देव्हाऱ्यात असतो तसाच साधा शंख, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला. परत आरशासमोर धरला. उजवीकडे. म्हणजे दक्षिणावर्ती! ज्याच्या दर्शनाला लोक लांबून लांबून येतात, तो.

“अगं बाई,” नलिनी स्वतःशीच म्हणाली.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत नलिनी सून होऊन आली तेव्हा तिला रानातलं एक जनावर ओळखता येत नव्हतं. मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार, आणि रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही असा माहेरचा नेम. तिचा धाकटा दीर मधुकर भांडुपच्या कारखान्यात मशीनवर होता. रजा मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून हा जो निघायचा, तो कधी कर्नाळ्याला, कधी भरतपूरला, कधी समुद्राच्या काठाकाठाने. परत यायचा तो काळवंडून, आणि झोळीत रंगीत फिल्मची रिळं. ती धुऊन आली की बिस्किटांच्या डब्यात कोंबायची आणि पुढच्या रजेची वाट बघायची, एवढंच त्याचं काम.

“भाऊजी, एवढे जीव डब्यात का कोंडून ठेवलेत?” नलिनीने एकदा विचारलं.

“तू काढ बाहेर,” तो म्हणाला. “मला वेळ कुठाय?”

तिने खरंच काढले. शरच्चंद्रांनी जुन्या टेबलाच्या खणात ट्यूब बसवून वर दुधी काच लावून दिली. त्या उजेडावर फिल्मची पट्टी ठेवायची, भिंगातून बघायची, धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, एकेक चित्र कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं. स्लाइड म्हणतात ती ही. मग चौकटीवर बारीक अक्षरात लिहायचं, कुठला प्राणी, कुठे, कुठल्या महिन्यात, काय करतोय. ‘खंड्या, पवई तलाव, श्रावण, चोचीत बेडूक.’ फोर्टातल्या फोटो एजन्सीचे सामंतसाहेब पहिल्यांदा हसले होते. “श्रावण लिहू नका हो, ऑगस्ट लिहा. आमची गिऱ्हाइकं पंचांग बघत नाहीत.” पण त्यांनी चित्रं ठेवून घेतली. मासिकांना, शाळेच्या पुस्तकांना, कॅलेंडरवाल्यांना एजन्सी ती भाड्याने द्यायची, आणि हळूहळू इतर फोटोवाल्यांची रिळंही नलिनीकडे चौकटीत बसवायला येऊ लागली.

स्लाइडला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. उलटी बसली तर चित्र दिसतं झकास, पण डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. म्हणून पट्टीच्या कडेवरचे आकडे सरळ वाचता येतील ती पुढची बाजू धरायची, आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात खाली खुणेचा ठिपका द्यायचा. बाकीचे लोक लाल शाईने देत. नलिनी काडेपेटीच्या काडीने ओल्या कुंकवाचा ठिपका द्यायची. “तुमची स्लाइड कपाटात हात घातला की ओळखू येते,” सामंत म्हणायचे. “सगळ्या सवाष्णी.”

आणि अशी नलिनी, कुंकवाचा ठिपका लावून उलटी स्लाइड देऊन बसली होती. आता तिला तो दिवस लख्ख आठवला. मधुकर गुजरातेत ओख्याला जाऊन आला होता. कोळ्यांबरोबर गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने ओहोटीला सरपटणारा जिवंत शंख टिपला होता. निळं पाणी, पांढरा फेस, आणि कवचाबाहेर आलेलं त्या जिवाचं मऊ अंग. पट्टी काचेवर ठेवली तशी तिला त्याचं तोंड उजवीकडे दिसलं. जिवंत दक्षिणावर्ती! तिने हात जोडले. हात जोडायला पट्टी खाली ठेवली, डोळे मिटले, उघडले, आणि त्याच धुंदीत चित्र कापून चौकटीत घातलं. कडेचे आकडे बघायचे राहून गेले. देव समोर आल्यावर आकडे कोण बघतं?

त्यानंतर घरात नुसता उत्सव. मधुकरने मित्राचा प्रोजेक्टर आणून शंख भिंतीवर पाडला. सासूबाई, द्रौपदीबाई, पाटावरून उठल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या शंखाला हळदकुंकू वाहिलं. बिल्डिंगमधल्या बायका ओळीने आल्या. दिवा बंद केल्यावर शंख गेला, पण कुंकवाची बोटं भिंतीवर राहिली. ती अजून पुसू दिली नव्हती.

आणि चित्र वाकोल्याच्या छापखानेवाल्या धोंडिराम शेटनी घेतलं होतं, नव्या सालच्या कॅलेंडरसाठी. खाली मोठ्या अक्षरात छापणार होते, ‘दक्षिणावर्ती शंख, जिवंत. दर्शनाने लक्ष्मी.’

नलिनीने हात पुसले. आधी खात्री करायला हवी होती. मधुकरच्या त्याच रिळातली शंखाची आणखी दोन चित्रं फेसाने पुसट आली होती, म्हणून न कापता डब्यात ठेवली होती. तिने पट्टी काढली, काचेवर ठेवली, आणि या वेळी शंखाकडे न बघता कडेचे आकडे सरळ केले. मग भिंग लावलं.

तोंड डावीकडे. साधा शंख.

मधुकर रात्रपाळी करून आतल्या खोलीत पालथा पडला होता. तिने त्याला हलवलं. “भाऊजी, उठा. तुमच्या शंखाचं तोंड कुठल्या बाजूला होतं?”

“काय?”

“ओख्याच्या शंखाचं. डावीकडे की उजवीकडे?”

“वहिनी, लाटेत कॅमेरा सांभाळत होतो मी. तोंड बघत बसलो असतो तर मीच गेलो असतो वाहून.” मग तिचा चेहरा बघून तो उठून बसला. तिने पट्टी दाखवली. त्याने दोनदा बघितली आणि तिसऱ्यांदा बघितलीच नाही.

“वाट लागली,” तो म्हणाला.

“माझ्या हातून झालं.”

“कोणाला कळणारे?” मधुकरने आवाज खाली आणला. “ऐक माझं. लोक नमस्कारच करणार ना? देवालाच पोचणार तो. कॅलेंडरवर मारुतीचा चेहरा तरी कोणी खरा बघितलाय?”

“मारुतीखाली आपण लिहीत नाही, ओख्याला टिपला म्हणून. शंखाखाली लिहिलंय.”

“त्या राणीच्या बागेतल्या वाघाचं आठवतं ना? पिंजऱ्यातला वाघ रानातला म्हणून दिला त्या फोटोवाल्याने. सामंतांनी त्याचं सगळं कपाट रिकामं करून पाठवलं घरी. पुन्हा दारात उभं केलं नाही. माझं पहिलं कॅलेंडर आहे गं हे, नाव छापणारेत खाली.”

नलिनीला ते ठाऊक होतं. त्याचं नाव जाईल, आणि तिच्या हातचं काम जाईल. त्या दुधी काचेवर बसल्यावर तिला जे जग दिसायचं, माळढोक, रोहित पक्षी, रानकुत्री, ते पुन्हा डब्यात जाईल. पण तिने डोळ्यांसमोर आणलं, घरोघरच्या भिंतीवर टांगलेला तो शंख, आणि त्याला वर्षभर हात जोडणाऱ्या बायका. सासूबाईंसारख्या.

“तुम्ही झोपा,” ती म्हणाली. “मी कोपऱ्यावर जाऊन फोन करते.”

औषधाच्या दुकानातल्या फोनवर सामंतसाहेब आधी नीट ऐकेचनात. मग म्हणाले, “बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आत्ता आलं ठिकाणावर. स्लाइड उलटी बसलीय. तो शंख साधा आहे. कॅलेंडर थांबवा.”

“मी थांबवू? धोंडिराम शेटला मी कुठल्या तोंडाने सांगू? आज संध्याकाळी छपाईची प्लेट करायला घेणार तो. त्याने ते चित्र दक्षिणावर्ती म्हणून घेतलंय, फेस बघून नाही.”

“मग मी सांगते. पत्ता आहे माझ्याकडे.”

“तुम्ही?”

“चौकट माझी, ठिपका माझा. भाऊजींचा काही दोष नाही यात. त्यांनी जे समोर होतं ते टिपलं.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “आणि बाकीच्यांचं काय? माझ्या कपाटात तुमच्या कुंकवाच्या ठिपक्यांच्या स्लाइडी भरल्यात. त्यांतल्या किती उलट्या ते मला कसं कळणार? उद्या कोणी म्हणालं, तुमचं हरिण डाव्या पायाने लंगडत नव्हतं, उजव्या पायाने लंगडत होतं. मी काय सांगू?”

हा प्रश्न तिने घरून निघताना स्वतःला विचारलाच होता. “सगळ्या परत पाठवा. एकेक चौकट उघडून बघीन. तोवर माझी एकही स्लाइड कोणाला देऊ नका.”

“नवरात्र आहे तुमचं.”

“नवरात्रातच बघीन. तेवढीच सेवा.”

“आधी शेट काय म्हणतो ते ऐका,” सामंत म्हणाले. “तो जर माझ्यावर उखडला, तर स्लाइडी येतील घरी, पण परत न्यायला कोणी येणार नाही. स्पष्ट सांगतो.” आणि फोन ठेवला.

नलिनी घरी आली तेव्हा सासूबाई मोरीच्या दारात उभ्या होत्या. मधुकरने त्यांना सांगितलं होतं, हे त्याच्या खाली घातलेल्या मानेवरून दिसत होतं.

“म्हणजे मी साध्या शंखासाठी भिंतीला कुंकू लावलं?” द्रौपदीबाई म्हणाल्या.

“शंखालाच लावलंत ना, आई. आपल्या देव्हाऱ्यातला तरी कुठे उजवा आहे?”

“मला शिकवू नकोस.” त्या भिंतीवरच्या लाल बोटांकडे बघत राहिल्या. “अख्ख्या बिल्डिंगला दर्शनाला बोलावलं गं मी. ती वरची कुंदा तर मुलाला घेऊन पाया पडून गेली. आता त्यांना काय सांगू?”

“मी सांगेन त्यांना. आधी वाकोल्याला जाऊन येते.”

“तिथे जाऊन काय सांगणार? तो शेट व्यापारी माणूस. चित्र उलटं आहे म्हणालीस तर म्हणेल, असू दे उलटं.”

हे मात्र नलिनीच्या डोक्यात आलं नव्हतं. ती उंबऱ्यातच थांबली. “मी त्याला म्हणेन, चित्र ठेवा. चित्र सुंदरच आहे. सरळ करून छापा आणि खाली लिहा, जिवंत शंख, ओखा. लक्ष्मीचं तेवढं काढा.”

“आणि नाही काढलं तर?”

“तर मी तिथून हलणार नाही.”

“बसशील छापखान्यातल्या लोकांत?” सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बहुधा त्यांना पटलं की ही बसेल. त्या मोरीत शिरल्या, कट्ट्यावरचा शंख उचलला, पदराने कोरडा केला, आणि धुतलेल्या खणात गुंडाळून तिच्या हातात दिला.

“आई, देवाचा शंख बाहेर न्यायचा?”

“घट उद्या बसतात. संध्याकाळपर्यंत परत आण. त्याला आधी हा हातात धरायला दे, मग आरशात दाखव. तुझ्या तोंडच्या गोष्टी त्याला कळायच्या नाहीत, पण देव्हाऱ्यातला शंख हातात घेऊन खोटं बोलायला माणूस जरा बिचकतो.” मग मधुकरकडे वळल्या. “आणि तू काय उभा आहेस मुंडी खाली घालून? वहिनी एकटी जाणारे का? तोंड धू.”

“मी आलोच असतो,” मधुकर पुटपुटला, “पण रात्रपाळी आहे ना आज परत.”

“तोंड धू म्हटलं ना!”

तो गेला तोंड धुवायला. जाताना वळून म्हणाला, “वहिनी, सामंतांनी कपाट रिकामं केलं तर तुझा ट्यूबचा खण मी विकणार हं. आधीच सांगून ठेवतो.”

“विका. मग पट्ट्या खिडकीशी धरून बघीन.”

नलिनीने पिशवी भरली. न कापलेली पट्टी कागदात, भिंग, शरच्चंद्रांचा दाढीचा आरसा, आणि मधोमध खणात गुंडाळलेला शंख. मोरीत पाटावर आता द्रौपदीबाई बसल्या होत्या आणि ताम्हनाची काळी बाजू घासत होत्या. देव्हारा रिकामाच होता. तिने त्या रिकाम्या जागेलाच नमस्कार केला आणि चपला घातल्या.

कुर्ल्याला उतरून बस धरायची, आणि प्लेट करायला घ्यायच्या आत वाकोल्याला धोंडिराम शेटच्या छापखान्यात पोचायचं.