भिंतीतली अकरा भोकं

जळगावची खोली सोडताना तिथल्या घरमालकांनी भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांवर एकेक करून बोट ठेवलं आणि ही तुम्ही पाडलीत, असं म्हणाले. त्यातलं एकही माझं नव्हतं. तरी मी हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि डिपॉझिट कापून घेऊ दिलं.

म्हणून धुळ्यात आल्यावर मी ठरवलं, की सामान लावण्याआधी बाहेरच्या आणि आतल्या खोलीतला प्रत्येक दोष कागदावर लिहायचा आणि खाली घरमालकांची सही घ्यायची. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण यादी नीट करता येते. इंग्रजी शाळेने तेवढं शिकवलं.

मदतीला दोंडाईचाहून आई आली होती. तिला यादीचीच लाज वाटत होती. लोकांनी घर दिलं आणि ही पहिल्याच दिवशी त्यांची उणीदुणी काढतेय, असं ती दोनदा म्हणाली. उन्हाने डोकं जड झालं होतं. समोरच्या भिंतीत अकरा भोकं, ओट्याची फुटलेली कड, मोरीतला गळका नळ, खिडकीच्या काचेला तडा, एवढं लिहून झालं. फोटोही काढायचे होते, पण फोन बंद पडलेला. तो चार्जिंगला लावून मी खाली नानांना बोलवायला गेले. घरमालकांना सगळी गल्ली नानाच म्हणते. ते जेवायला बसले होते. त्यांचं होईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले.

आम्ही वर आलो तेव्हा आई स्टुलावरून उतरत होती. नानांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली, भिंतीकडे पाहिलं, मग तिच्यावरून तळहात फिरवला.

"भोकं कोठे शेतस, बेटा?"

भिंत पांढरी, सपाट होती. आईने पदराला हात पुसले.

"मी बुजवली. टूथपेस्ट भरली. असल्या भिंतीपुढे देव कसे मांडायचे?"

नानांनी भिंतीजवळ नाक नेऊन वास घेतला. "अक्का, भितना दात घासात का काय?"

आई हसली. तेही हसले. मग पेन काढून म्हणाले, ही ओळ खोडून टाकू आणि बाकीच्यावर सही करतो. आईने मला डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे.

जाऊ देणं मला चांगलं जमतं. पण ही जागाही कधीतरी सोडावी लागणार होती, आणि तोपर्यंत पेस्ट वाळून गळून पडली असती.

"थांबा, नाना," मी म्हटलं. ते इतकं हळू आलं, की त्यांनी "काय?" असं विचारलं. पुन्हा बोलण्याऐवजी मी केसांतली पिन काढली आणि पहिलं भोक कोरलं. पेस्ट ओलीच होती. नाना मोजू लागले. आईने जिथे हात फिरवला होता, तिथे तिच्यादेखत मी पिन फिरवत होते. तिच्याकडे बघायचं टाळत होते.

नऊ झाली. पुढची सापडेनात. मी भिंतीवर बोटं चाचपत राहिले.

"खिडकीच्या वर," आई म्हणाली. "दोन्ही तिथेच आहेत."

आणि तिने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

नानांनी भिंतीवरच कागद धरून सही केली. देवांची पिशवी उचलून आई आतल्या खोलीत गेली.