फळ्यांच्या पाठीवरचे आकडे

गोदीतले लोक त्याला गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं ते काटकोनी हत्यार, ज्याने चौकट सरळ आहे की नाही ते तपासतात. हे नाव त्याला तरुणपणीच पडलं आणि त्याने ते कमावलेलं होतं. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. एकदा बायको तापाने फणफणली म्हणून तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि स्वतःच डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरला. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता.

"अहो, आधी मला तपासू द्या त्यांना," बायको म्हणाली.

ते टेबल त्यानंतर हललं नाही, असं डॉक्टर अजून सांगतात.

पहिली वीस वर्षं त्याने घरांची दारं-खिडक्या केल्या. पुढे तयार दारं मिळायला लागली, हाताने केलेल्या दाराला कुणी विचारेना, तेव्हा तो गोदीत बोटी दुरुस्त करायला आला. तिथे त्याची पंचाईत झाली. बोटीत काटकोन नसतो. बाजू फुगीर, नाक निमुळतं, छत मधे उचललेलं. "इथे सगळंच वाकडं आहे," तो पहिल्या दिवशी म्हणाला. तिथला जुना मिस्त्री हसला. "वाकडं नाही रे, गोलाईत आहे. डोळ्याला सवय कर."

डोळ्याला सवय व्हायची ती झाली, पण डोळ्यावर भरवसा काही बसला नाही. म्हणून त्याने आपली एक पद्धत बसवली. बोटीतून जे सुटेल त्याच्या पाठीवर जाड पेन्सिलीने आकडा घालायचा आणि तोच आकडा वहीतल्या चित्रात लिहायचा. डावीकडची पहिली फळी 'डा १', उजवीकडची 'उ १'. काम संपलं की वही उघडायची आणि आकड्याप्रमाणे लावत जायचं. पंधरा वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

एका डॉक्टरीणबाईंची बोट आली तेव्हा गुण्याचं वय एकसष्ट होतं. बेचाळीस फुटांची, सत्तर वर्षांची मोटर यॉट. बाई दातांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. बोट त्यांच्या वडिलांची, बारा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. तळाला नवं लाकूड घाला, फासळ्या बदला, त्याला बाईंची हरकत नव्हती. पण आतली बैठकीची खोली महोगनीची होती. चारही बाजूंना उभ्या फळ्या, गडद तांबूस, हाताने रंधा मारलेल्या, एकूण एकशे अडतीस.

"इथे नवीन काही नको," बाई म्हणाल्या. "आणि तासूनबिसून बसवायचं नाही. जी फळी जिथली, ती तिथेच."

"एक फळी इकडची तिकडे होणार नाही."

"बघा हं. मी चाळीस वर्षांत एकाचा दात दुसऱ्याच्या तोंडात बसवलेला नाही."

गुण्याला त्यात अवघड काही वाटलं नाही. आकडे होतेच. फळ्या दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येक आपापल्या जागेच्या गोलाईप्रमाणे कापलेली. एखादी वर अर्धा सूत रुंद, एखादी खाली निमुळती. दुसरीच्या जागी ती शिरायची नाही, शिरली तर फट राहायची. त्याने एकेक फळी सोडवली, आकडा घातला, शेडच्या भिंतीशी उभी केली, आणि तळाचं काम संपवायला तीन महिने घेतले.

त्याच सुमाराला बायकोचा मोठा भाऊ त्यांच्याकडे राहायला आला. दादा एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाचे मुख्य होते. हजार चादरी रोज त्यांच्या नजरेखालून गेलेल्या. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून बहिणीने घरातले पडदे, उशा, गोधड्या त्यांना दोनदोनदा धुवू दिल्या, आणि मग हात टेकले. "अहो, यांना शेडवर न्या," ती नवऱ्याला म्हणाली. "नाहीतर आता मलाच पिळून वाळत घालतील."

गुण्याला दोन दिवस लाकडाच्या वखारीत जायचं होतं. निघताना तो म्हणाला, "दादा, महोगनीच्या फळ्यांच्या पाठीला बुरशी धरलीय. तेवढी साफ करून ठेवाल का?"

कोरड्या फडक्याने, असं त्याच्या मनात होतं. ते त्याने सांगितलं नाही. आणि जिथे घासता येईल तिथे नुसतं पुसणं हे दादांनी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी तो परत आला. दादा शेडच्या दारातच उभे होते, बाह्या दुमडून.

"या भाऊजी, बघा."

सगळ्या फळ्या उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी करतात तशा. गुण्याने एक उचलली, उलटी केली. दुसरी उलटी केली. मग पाचसहा एकदम.

"दादा, यांच्यावर काही लिहिलेलं होतं का?"

"होतं ना. फार मळवून ठेवलं होतं कुणीतरी. पॉलिश पेपर लावून काढलं सगळं. एकेकीला सात-आठ मिनिटं."

मोठा मेहुणा. त्याच्यावर ओरडायची सोय नव्हती, आणि तो इतका खूश होता की ओरडायची इच्छाही होईना. गुण्या बाहेर गेला, पाण्यापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "छान झालंय."

बाई शनिवारी सकाळी दहा वाजता खोली बघायला येणार होत्या.

संध्याकाळी घरी तो खुर्चीत नुसता बसून राहिला. बायको घरी शिवणकाम करायची. मशीनवरून तिने दोनदा त्याच्याकडे पाहिलं.

"कॅलेंडर वाकडं झालंय," ती म्हणाली.

"असू दे."

तिने मशीन थांबवलं. "काय झालं ते सांगा."

त्याने सांगितलं. एकेक फळी एकेका जागी लावून बघायची तर किती वेळा लावावी लागेल, तो हिशेबही सांगितला.

"दादाला बोललात?"

"नाही."

"बरं केलंत. रडला असता." तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "फळी स्क्रूने बसते ना?"

"हो."

"मग स्क्रूची भोकं कुठे गेली? ती तर दादाने घासून काढली नसतील."

गुण्या खुर्चीत पुढे सरकला.

"भोकं फळीत असणार, आणि मागच्या ज्या पट्ट्यांवर फळी बसते त्यांतही असणार. मी कापडावर कुठे आकडे घालते? खाचा मारते. खाचेला खाच जुळली की बाही त्याच खांद्याची."

तो उठून उभा राहिला. बोट बांधणाऱ्याने ती भोकं गिरमिटाने पाडली होती, हाताने, डोळ्याच्या अंदाजाने. दोन भोकांमधलं अंतर कुठे चार बोटं, कुठे साडेचार. सरळ मोजून पाडली असती तर सगळी सारखी आली असती. कुणीतरी काहीतरी मोजलं नाही, याचा गुण्याला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

गुरुवारी सकाळी बायको पातळ कागदाची गुंडाळी, टाचण्या आणि कात्री घेऊन शेडवर आली. बोटीत एका जागेच्या पट्ट्यांवर ती उभा कागद दाबून धरायची, अंगठ्याने चाचपायची, भोक लागलं की टाचणी खुपसायची. कागद बाहेर आणायचा आणि फळ्यांवर ठेवत जायचं. पहिल्या कागदाला तिने उंची मोजली आणि रांगेकडे पाहिलं.

"या उंचीच्या किती आहेत, दादा?"

"अकरा," दादा लगेच म्हणाले. रांग त्यांनीच लावलेली होती.

म्हणजे एकशे अडतीस बघायला नकोत, अकरा बघायच्या. सातव्या फळीवर चारही टाचण्या भोकांत उतरल्या. गुण्याने ती फळी आत नेली, जागेला लावली आणि अंगठ्याने जरासं दाबलं. ती चपखल आत गेली, जणू कालच काढली होती. जुना स्क्रू जुन्या भोकात हाताने फिरला. गुण्याने हात फडक्याला पुसले. मग त्याला भूक लागली. कालपासून तो धड जेवला नव्हता.

"डबा उघड," तो बायकोला म्हणाला.

"एकच तर लागलीय अजून."

"लागली ना."

त्यानंतर हात बसला. बायको टाचण्या लावायची, दादा उंची बघून फळ्या काढून द्यायचे, गुण्या बसवायचा. दादांना एव्हाना सगळं समजलं होतं. प्रत्येक फळी ते तान्हं बाळ द्यावं तशी दोन्ही हातांवर देत होते. शुक्रवारी दुपारपर्यंत एकशे एकोणतीस फळ्या लागल्या.

नऊ राहिल्या. डावीकडची पुढची बाजू. तिथल्या जुन्या पट्ट्या कुजल्या होत्या, म्हणून गुण्याने नव्या घातल्या होत्या, गुळगुळीत, स्वच्छ, एकही भोक नसलेल्या. जुन्या त्याने स्वतः फोडून टाकल्या होत्या.

"आता हे कुणी घासलं?" बायको म्हणाली. दादांकडे न बघता म्हणाली, पण दादांचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

नऊही फळ्या उंचीला जवळपास सारख्या. गुण्याने संध्याकाळपर्यंत लावून पाहिल्या. काही दोनदोन जागी शिरत, काहींना एक केसभर रंधा मारला असता तर कुठेही गेल्या असत्या. रंधा हाताशीच होता. पॉलिश झाल्यावर बाईंनाच काय, कुणालाच कळलं नसतं. त्याने रंधा पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

शनिवारी बाई दहाला पाच मिनिटं असतानाच आल्या. खोलीत उभ्या राहून त्यांनी चारही बाजूंना पाहिलं. पुढच्या कोपऱ्यात पट्ट्या उघड्या दिसत होत्या.

"हे राहिलं का?"

"बाई, आकडे पुसले गेले," गुण्या म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, वखारीपासून नव्या पट्ट्यांपर्यंत. "एकशे एकोणतीस जागच्या जागी आहेत, त्याची खात्री देतो. या नऊंची नाही देता येत."

"कुणी पुसले?"

"मी," दादा पुढे येऊन म्हणाले.

"मी सांगितलं होतं," गुण्या म्हणाला.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दवाखान्यात लहान मुलं यायची, ती खोटं बोलायची. कॅडबरी खाल्ली नाही म्हणायची. तुम्ही दोघं बरे आहात." त्यांनी चष्मा बदलला, चपला काढल्या आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. "द्या इकडे."

एक फळी उचलून त्यांनी तिची कड खिडकीच्या उजेडात धरली आणि तिच्यावरून नख फिरवत नेलं.

"पाठी घासल्या, तशा कडाही घासल्यात का?"

"कडांना बुरशी नव्हती," दादा म्हणाले.

"देव पावला. हे बघा मिस्त्री, इथे चकाकतंय. आणि इथे. दात एकमेकांना टेकतात तिथे झिजतात. वरचा कुठे झिजलाय ते बघितलं की खालचा कुठला ते कळतं. या तर सत्तर वर्षं एकमेकींना खेटून उभ्या. इंजिन चालू झालं की थरथरणार, टेकतील तिथे घासणार. हिच्या कडेला जिथे चकाकी, तिच्या शेजारणीला बरोबर समोर तशीच असणार. कार्बन पेपर मिळेल का कुठे?"

गोदीच्या ऑफिसातून दादांनी धावत जाऊन कार्बन आणला. बाई दोन कडांच्या मधे कार्बन धरून फळ्या एकमेकींवर हलकेच दाबायच्या. निळे ठिपके चकाकीवरच उमटले तर त्या शेजारणी. नाही उमटले तर पुढची. चौथ्या खेपेला पहिली जोडी जुळली. दुपारी साडेबाराच्या सुमाराला नऊच्या नऊ फळ्या जमिनीवर ओळीने पडल्या होत्या आणि बाईंच्या नाकावर निळा डाग होता. तो कुणी सांगितला नाही.

गुण्याने एकेक बसवली. शेवटचीही आत गेली.

"बसल्या तर खऱ्या," बाई म्हणाल्या. "पण बरोबर बसल्या, हे कशावरून?"

"इंजिन लावून बघू," गुण्या म्हणाला. "एखादी परकी असली तर वाजेल. लपून राहायची नाही."

इंजिनवाला शेजारच्याच शेडमधे होता. त्याने थंडाव्यासाठी पाण्याची नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. बोट लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, ती पायाखाली थरथरायला लागली. गुण्या, बायको, दादा आणि बाई खोलीत उभे राहिले. गुण्याने डोळे मिटले आणि डावा तळहात नव्या पट्ट्यांच्या बाजूला टेकवला. इंजिनाचा जाड घुमणारा आवाज, आणि त्याच्यावर अगदी बारीक, पण स्पष्ट, किर्रर्र.

त्याचा हात एका फळीवरून दुसरीवर सरकू लागला. 

"ती फळी नाही," दादा म्हणाले. ते खाली वाकून कान लावत होते. मग त्यांनी टेबलावर पडलेलं थर्मासचं झाकण उचललं. पत्र्याचं, चहाचं, त्यांनीच सकाळी तिथे ठेवलेलं.

आवाज थांबला. इंजिन चालूच होतं, आणि एकशे अडतीस फळ्या गप्प उभ्या होत्या.

गुण्या मटकन बाकावर बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि रुमाल शोधू लागल्या. "बंद करू का?" इंजिनवाल्याने वरून ओरडून विचारलं.

"राहू दे जरा," गुण्या म्हणाला. मग दादांकडे वळला. "थर्मासमधे चहा उरलाय का काही?"

"गार झालाय."

"द्या तसाच."