नावाड्याचं तोंडी मत

ल्यूशियस प्रुइट वकील पहिल्यांदा नदीवर आला तेव्हा आधी त्याचा आवाज आला, मग उंच टोपी, आणि बाकीचा वकील जेवणवेळेपर्यंत येतच राहिला. तराफ्यावर पाय ठेवताच त्यानं तंबाखूची अशी पिंक टाकली की मासे शेजारच्या राज्यात राहायला गेले. आसा टॉलिव्हर नावाड्याला तेव्हाच किळस आली. पण केंटकीच्या त्या टापूत दुसरा वकील नव्हता, आणि खालच्या वळणावर एकजण परवाना नसताना तराफा टाकून आसाची गिऱ्हाइकं पळवत होता.

खटला प्रुइटनं जिंकला. आसाची म्हातारी आई उपासमारीनं कशी वारली, हे त्यानं असं रंगवलं की ज्युरीतले बाराही जण हुंदके देऊ लागले. म्हातारी मागच्या बाकावर पाईप ओढत बसली होती. तीही रडली.

दोन वर्षांनी प्रुइट विधानसभेला उभा राहिला.

"त्या पिचकारीला मत देणार तू?" आसाच्या बायकोनं, केझियानं, विचारलं.

"अगं, नदीवर पूल होऊ देणार नाही म्हणालाय. पूल झाला तर आपण खायचं काय?"

"तुझी आई मेली, असंही म्हणाला होता."

मत तिथं तोंडी द्यायचं, भर कचेरीत, आणि ज्याचं नाव घ्याल त्यानं उठून आभार मानायचे. आसानं नाव घेतलं. प्रुइटनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. ते ओले होते. कशानं, ते आसानं विचारलं नाही.

वर्षाच्या आत पुलाचा कायदा झाला. मांडणारा प्रुइट, पूल बांधणाऱ्या कंपनीत भागीदारही प्रुइटच.

"वकीलसाहेब, शब्द दिला होतात ना?"

"दिला होता की! पण आसाभाऊ, तेव्हा मी नुसता उमेदवार होतो. आता मला साऱ्या नदीचा विचार करावा लागतो."

आणि नदीचा विचार करत तो नदीत थुंकला.

पुढच्या निवडणुकीपर्यंत पुलाचे खांब पाण्याबाहेर आले होते. प्रुइटविरुद्ध उभा राहिलेला सायलस कॉगिन्स तो कायदा रद्द करीन म्हणत होता. आसा धुतलेला सदरा घालून गेला आणि खिडक्या हलतील असा ओरडला, "सायलस कॉगिन्स!"

कॉगिन्स काही उठला नाही. प्रुइटनं पाठवलेल्या व्हिस्कीच्या पिंपाला टेकून तो घोरत होता. उठला प्रुइटच. तेच दोन ओले हात.

"आई गेल्यापासून फार वाळलास रे, आसाभाऊ."

आसानं हात विजारीला पुसला, मग विजारच धुवायला टाकली.

प्रुइट आणखी चार वेळा निवडून आला. तराफ्याच्या फळ्यांचा केझियानं डुकरांसाठी गोठा केला.