दुसरा हाफ

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात खरं दुःख एकट्या माझ्या सासऱ्यांना झालं, असं माझं ठाम मत आहे. मी तेव्हा घरात नवी सून होते. गल्लीतले लोक कोणती कचेरी कुठे जाणार, कोणाची बदली कुठे होणार, यावर तावातावाने बोलत होते आणि आमचे मामाजी, म्हणजे हे सासरे, डोक्याला हात लावून ओट्यावर बसले होते. "आपला गोलकीपर गेला ना वो तिकडे," ते सासूबाईंना म्हणाले. जिल्ह्याच्या हॉकी संघाचा गोलकीपर गोंदियाचा, आणि लेफ्ट आउट आमगावचा. नव्या नकाशाने दोघांनाही एका दिवसात परकं केलं होतं. त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत.

खुद्द मामाजींनी हॉकीची काठी हातात धरलेली कोणी पाहिली नाही. ते विणकर. घरातल्या खड्ड्याच्या मागावर बसायचे आणि समोरच्या खिळ्याला रेडिओ लटकवायचे. हॉकीची कॉमेंट्री लागली की मागाचा ठोका तिच्या तालावर पडायचा. चेंडू आपल्या फॉरवर्डकडे आला की हात जोरात चालायचा, पेनल्टी कॉर्नर मिळाला की असा ठोका बसायचा की ओसरीवरची भांडी वाजत. त्यामुळे त्यांच्या पातळांची वीण कुठे दाट, कुठे विरळ. एकदा व्यापाऱ्याने एक पातळ परत पाठवलं. मामाजींनी ते उजेडात धरलं, एका दाट पट्ट्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "हे पाहा, इथं पाकिस्तानसंग बराबरी झाली." सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते पातळ स्वतःच नेसायला काढलं. त्याला घरात 'पाकिस्तानचं पातळ' असंच नाव होतं.

हॉकीत पस्तीस मिनिटांनी हाफ टाईम होतो, दहा मिनिटं विश्रांती मिळते आणि मग दोन्ही संघ बाजू बदलतात. पुढे खेळाचे नियम बदलले, पण आमच्या घरात शेवटपर्यंत जुनेच लागू होते. मामाजींच्या जेवणाला हाफ टाईम, पूजेला हाफ टाईम, आणि सासूबाईंशी होणाऱ्या भांडणालासुद्धा. ऐन रंगात आलेलं भांडण सोडून ते उठायचे, माठातलं पाणी प्यायचे, अंगणात दोन चकरा मारायचे आणि परत येऊन सासूबाईंच्या बाजूने भांडायला लागायचे. बाजू बदलायचा नियमच होता ना! सासूबाई म्हणायच्या, "या माणसासंग धड भांडताबी येत नाही."

दुसरा नियम टाळीचा. शेवटची लांब शिट्टी वाजल्याशिवाय मामाजी कशालाच टाळी वाजवत नसत. माझ्या लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला सारा मांडव टाळ्या वाजवत होता, आणि हे हात पाठीमागे बांधून उभे. माझ्या वडिलांना वाटलं, व्याही रुसले. ते घाबरून जवळ गेले, तर मामाजी म्हणाले, "आत्ता कायले टाळी, व्याही? आत्ता तं फक्त बुली झाली." बुली म्हणजे दोन खेळाडूंनी काठ्यांना काठ्या लावून खेळ सुरू करणं. वडिलांना ते कळलं नाही. पंगत उठेपर्यंत ते धास्तावलेलेच होते.

छत्तिसाव्या वर्षी माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मामाजी म्हणाले, "चालून काय होते? पळ." मी आयुष्यात बस पकडायलासुद्धा पळले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते लुना काढून, गळ्यात शिट्टी अडकवून दारात उभे. मी सलवार-कुडत्यात पुढे, ते लुनावर मागे, अशी आमची वरात शहापूरच्या रस्त्याने निघाली. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांतच माझा जीव घशाशी आला. "फाउल नाही झाला, उठ!" मागून आवाज आला. पस्तीस मिनिटं झाली की शिट्टी. मग लुनाच्या पिशवीतून संत्रं निघायचं, मी सोलून खायची, दहा मिनिटांनी दुसरी शिट्टी, आणि तोंड घराकडे.

एकदा शहापूरच्या चहाटपरीवरची म्हातारी थेट रस्त्यात आडवी आली. "काय झालं वो बाई? सासरा मारते काय? ये, माझ्या घरी बस." मी धापा टाकत होते, बोलायला दम नव्हता. मामाजींनी लुना स्टँडवर लावली आणि हात जोडले. "मारत नाही जी मी. टाईम घेऊन राहिलो." म्हातारीचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस ती आम्ही दिसलो की मामाजींकडे डोळे वटारून पाहायची आणि मला फुकट चहा द्यायची.

वर्षभराने मी गावातल्या शर्यतीत नाव घातलं. हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर. खरं सांगते, मला मेडल नको होतं. मला मामाजींची टाळी हवी होती. शेवटून चौथी का होईना, मी पोचले. नवरा, मुलं, अनोळखी माणसं, सगळे टाळ्या वाजवत होते. मामाजींनी संत्रं पुढे केलं आणि घड्याळ पाहिलं. "बस. दहा मिनिटं."

"मामाजी, संपलं!"

"संपलं कसं? पाटीवर हाफ लिवलं हाये ना बाई?"

आणि ते सरळ आयोजकांकडे गेले, दुसरा हाफ कधी सुरू होणार ते विचारायला. तिथे मांडव सोडणं चाललं होतं. पोरं हसली. मामाजी भडकले. "अर्ध्या मॅचमंदी मेडल वाटते काय कोणी?" सगळ्यांनी समजावलं, हाफ हे त्या शर्यतीचं नावच आहे. ते ऐकेनात. घरी आल्यावर मेडल त्यांनी कपाटात ठेवलं. "पुरी मॅच झाली का भिंतीवर लावू." मी त्या दिवशी पोटभर रडले. रागाने पळणंच सोडलं. ते रोज पहाटे लुना काढत, थोडा वेळ दारात थांबत आणि परत आत घेत. मला आतून सगळं ऐकू यायचं. मी उठत नसे. आजही त्याची मला लाज वाटते.

पावसाळा संपता संपता मामाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. दवाखान्यात मी त्यांच्या पायाशी बसून रडत होते, तर त्यांनी डावा हात कसाबसा छातीवर आपटला आणि वाकड्या तोंडातून एकेक शब्द काढला, "हा हाफ... बाकी हाये."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घातले. तीन महिने पळले. मग एका रविवारी नवऱ्याने गाडीच्या काट्यावर मोजून दिलेल्या एकवीस किलोमीटरवर एकटीच निघाले, शहापूरच्या पुढे जाऊन परत. गल्लीत शिरले तेव्हा ओट्यावर खाट टाकलेली होती. मामाजी उशीला टेकून बसले होते, डाव्या हातात शिट्टी. मी पायरीला हात लावला. त्यांनी शिट्टी ओठाला लावली, पण नुसती हवा निघाली. पुन्हा लावली. पुन्हा हवाच. तेव्हा जन्मभर हॉकीला शिव्या घालणाऱ्या माझ्या सासूबाई पुढे आल्या, त्यांनी शिट्टी पदराने पुसली आणि अशी लांब वाजवली की गल्लीतली दारं उघडली.

मामाजींनी डावा हात वर केला. तो तसाच हवेत राहिला, दुसरा हात येईना. मी जवळ गेले आणि माझा तळवा त्यावर मारला. टाळी वाजली.

पुढच्या हिवाळ्यात मामाजी गेले. रेडिओच्या खिळ्यावर आता मेडल आहे. कोणी विचारलं की सासूबाईच सांगतात, "पुऱ्या मॅचचं हाये ते." मी अजून पळते. पस्तीस मिनिटं झाली की पाय आपोआप थांबतात. मागे लुना नसते. मी रस्त्याच्या कडेला बसून संत्रं सोलते, दहा मिनिटं वाट पाहते आणि तोंड घराकडे करून पळायला लागते.